तारा विकत घेऊन नाव द्यावं का? नागपूरच्या गच्चीवरचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. धरमपेठेतल्या आमच्या गच्चीवर मी बरीच वर्षं आठ इंची दुर्बीण लावून बसतो. हौस आहे, व्यवसाय नाही. ओळखीतून ओळख निघते, लोक पोरंबाळं घेऊन येतात, शनीची कडी पाहतात, चहा पितात, जातात. अलीकडे मात्र शनीपेक्षा जास्त वेळा एकच गोष्ट विचारली जाते: "काका, ऑनलाइन तारा विकत मिळतो म्हणे, नाव पण देता येते. घेऊ का?" तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून इथे लिहून ठेवतो. पुढच्या वेळी फक्त लिंक पाठवीन.

पैसे भरल्यावर नेमकं काय हाती येतं?

एक कागद. छान जाड, वळणदार अक्षरांचा, सोनेरी शिक्का मारलेला. त्यावर तुम्ही दिलेलं नाव, तारीख आणि ताऱ्याचा पत्ता, म्हणजे विषुवांश आणि क्रांती. आपल्याकडे जसे अक्षांश-रेखांश, तसे ते आकाशातले. सोबत एक तारकानकाशा असतो, त्यात लाल शाईने एका ठिपक्याभोवती गोल केलेला. जास्त पैसे भरले तर फ्रेम, लॉकेट, की-चेन वगैरे. काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत भाव आहेत. परदेशी साइट असेल तर डॉलरचा भाव, वर कार्डाचं चलन-शुल्क आणि कुरिअर.

आणि एक नोंद, त्या कंपनीच्या स्वतःच्या वहीत. हे "स्वतःच्या" महत्त्वाचं आहे, कारण दुसऱ्या कंपनीची वही वेगळी. तोच तारा तिने दुसऱ्या कुणाला विकला तर अडवणारं कोणी नाही.

म्हणजे तारा माझ्या मालकीचा होतो ना?

नाही. याचा सातबारा निघत नाही, फेरफार होत नाही, तलाठ्याकडे जाता येत नाही. १९६७ चा बाह्य अवकाश करार म्हणतो की चंद्र आणि इतर खगोलीय वस्तूंवर कुठल्याही देशाला सार्वभौम हक्क सांगता येणार नाही. भारतानेही तो मान्य केलेला आहे. जे देशाच्याच मालकीचं नाही, ते एखाद्या कंपनीला विकायला दिलं कुणी?

चंद्रावर प्लॉट घेतला तर?

वरचंच उत्तर. नागपूरच्या कडेला बेसा-बेलतरोडीला घ्या, निदान रजिस्ट्री होते.

मग ताऱ्यांना नावं देतं कोण?

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ. १९१९ साली स्थापन झालेली ही संस्था, मुख्यालय पॅरिसला. गंमत म्हणजे ताऱ्यांची नावं कित्येक शतकं गावातल्या गल्ल्यांसारखीच होती, ज्याला जे सुचलं ते. एकाच ताऱ्याला अरबी नाव, ग्रीक नाव, चिनी नाव, आपलं नाव. २०१६ मध्ये या संघाने ताऱ्यांच्या नावांसाठी एक कार्यगट नेमला आणि एकेक नाव तपासून पक्की यादी करायला घेतली. आता त्या यादीत साडेचारशेहून जास्त नावं आहेत. फक्त साडेचारशे! बाकीच्या ताऱ्यांना आकडे असतात, आणि ते त्यांना पुरतात. गाइया या युरोपीय अवकाशयानाने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची मोजदाद केली. एवढ्यांचं बारसं घालणार कोण?

त्या यादीत आपलीही नावं आहेत. भरणी आहे, रेवती आहे. आपल्या पंचांगातली नक्षत्रांची नावं जगाच्या अधिकृत यादीत गेली आणि त्यासाठी कुणी रुपया भरला नाही.

२०१९ मध्ये तर भारताच्या वाट्याला एका आख्ख्या ताऱ्याचं नामकरण आलं. संघाच्या शताब्दीनिमित्त प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याभोवती फिरणारा एक ग्रह दिला होता. आपल्याकडे आला षष्ठांश तारकासमूहातला एचडी ८६०८१. देशभरातून सूचना मागवल्या, मतं घेतली, आणि ताऱ्याचं नाव ठरलं 'बिभा', ग्रहाचं 'संतमस'. बिभा चौधुरी या वैश्विक किरणांवर काम करणाऱ्या भारतीय पदार्थवैज्ञानिक. हयातीत त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. हा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, पण माझ्या दुर्बिणीतून दिसतो. शाळकरी मुली गच्चीवर आल्या की मी तो हमखास दाखवतो. दिसायला अगदी साधा, इतर शंभरांसारखा एक ठिपका, तरी मुली रांग लावून पाहतात.

चंद्रयान-३ जिथे उतरलं त्या जागेचं 'शिवशक्ती' हे नावही असंच गेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये आपण जाहीर केलं, तरी जगाच्या नकाशावर ते अधिकृत झालं मार्च २०२४ मध्ये, याच संघाने मान्यता दिल्यावर. देशाच्या पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या नावालाही रांगेत उभं राहावं लागतं, आणि वेबसाइटवर मात्र 'दहा मिनिटांत नाव नोंदवा'.

पण साइटवर लिहिलंय की नोंद कॉपीराइट कार्यालयात होते / नासाला कळवली जाते.

नासा ताऱ्यांना नावं देत नाही. इस्रोही नाही.

कॉपीराइटची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून जास्त फसवी. कंपनी वर्षभरात विकलेल्या नावांची यादी छापते, त्याचं पुस्तक करते आणि त्या पुस्तकाची कॉपीराइट नोंदणी करते. उद्या तुम्ही इतवारीतल्या किराणा दुकानाच्या उधारीची वही छापून काढलीत तर तिचाही कॉपीराइट मिळेल. त्याने उधारी वसूल होत नाही. कॉपीराइट पुस्तकाच्या मजकुराचा असतो, ताऱ्याच्या नावाचा नाही.

ही फसवणूक आहे का? तक्रार करता येईल?

विकणारा काय म्हणून विकतो, त्यावर आहे. "ही एक गमतीची भेट आहे, नाव फक्त आमच्या यादीत राहील" असं ठळक लिहिलं असेल तर तो प्रमाणपत्र विकतो आहे. घ्या किंवा सोडा. पण "अधिकृत", "कायमस्वरूपी", "जगभरात मान्य" असे शब्द असतील तर ती दिशाभूल करणारी जाहिरात झाली. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने १९९८ मध्येच अशा एका कंपनीवर याच कारणावरून कारवाई केली होती.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. दिशाभूल करणारी जाहिरात त्यात येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी फोन करा. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचं शुल्क नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. त्यासाठी जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, नुसतं प्रमाणपत्र पुरणार नाही, कारण त्यावर काहीच खोटं लिहिलेलं नसतं बऱ्याचदा. खोटं सगळं जाहिरातीत. आणि कंपनी परदेशातली असेल तर पैसे परत येण्याची आशा जरा कमीच ठेवा.

प्रमाणपत्रावरचा तारा तुम्ही दाखवू शकाल?

कधी कधी. मागच्या हिवाळ्यात मनीषनगरहून एक जोडपं आलं, सोबत त्यांची लेक. तिच्या आठव्या वाढदिवसाला वडिलांनी तारा घेतला होता. तिने फ्रेम छातीशी धरून आणली होती, स्कूटरवरून, थंडीत. "काका, माझा तारा दाखवा."

मी फ्रेम घेतली, टॉर्चला लाल कागद लावून वाचली. क्रांती वजा ७४ अंश, म्हणजे दूर दक्षिणेला. मी परत वाचली. नागपूर आहे उत्तरेला २१ अंशांवर. म्हणजे वजा ६९ च्या खालचं काहीच आपल्या क्षितिजावर कधी येत नाही, हिवाळ्यात नाही, उन्हाळ्यात नाही, पहाटे नाही, कधीच नाही. तिचा तारा नागपुरात उगवतच नव्हता. वर प्रत होती ११. ताऱ्याची प्रत म्हणजे तेजस्वीपणाचा आकडा. तो जितका मोठा तितका तारा अंधुक, आणि उघड्या डोळ्यांची हद्द रानातसुद्धा सहाच्या आसपास संपते. म्हणजे पोरीला ऑस्ट्रेलियात नेलं असतं तरी दुर्बीण लागलीच असती.

वडील हळूच म्हणाले, "पैसे तर बराबर घेतले न त्यांनी. नागपूरचा पिनकोड पण टाकला होता मी."

कंपन्या असे अंधुक तारे का देतात? कारण तेजस्वी ताऱ्यांना नावं आधीच आहेत. साऱ्या आकाशात मिळून उघड्या डोळ्यांनी दिसणारे तारे नऊ हजारांच्या आसपास, तेही आदर्श अंधारात. एवढ्या मालावर धंदा किती दिवस चालणार? म्हणून दुर्बिणीच्या सूच्यांमधले, लाखांनी मोजावे लागणारे तारे काढतात.

मुलीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

कुणी स्वतःचं नाव आकाशात घुसवलंच नाही का कधी?

घुसवलंय की! हा माझा सगळ्यात आवडता किस्सा. आपलं धनिष्ठा नक्षत्र माहीत असेल, छोटंसं, पतंगासारखं, श्रवणाच्या जवळ. त्यातल्या दोन मुख्य ताऱ्यांची नावं आहेत सुआलोसिन आणि रोटानेव. १८१४ मध्ये इटलीतल्या पालेर्मो वेधशाळेच्या तारकासूचीत ही नावं अचानक उगवली. कुठल्या भाषेतली आहेत ते बराच काळ कुणाला कळेना. मग कुणीतरी ती उलटी वाचली. निकोलॉस वेनातोर. वेधशाळेतला मदतनीस निकोलो काच्चातोरे, त्याच्या नावाचं हे लॅटिन रूप. साहेबांच्या सूचीत मदतनिसाने आपलं नाव पेरून ठेवलं होतं. आणि २०१६ मध्ये संघाने ही दोन्ही नावं अधिकृतही करून टाकली.

दुसरा किस्सा अपोलो-१ चा. गस ग्रिसम या अंतराळवीराने सरावाच्या नकाशांमध्ये तीन ताऱ्यांना स्वतःची आणि दोन सोबत्यांची नावं उलटी करून चिकटवली. त्यांतला 'नवी' हा शर्मिष्ठा तारकासमूहातला मधला तारा. इव्हान हे ग्रिसमचं मधलं नाव, ते उलटं. गंमत म्हणून केलेली गोष्ट. पण २७ जानेवारी १९६७ ला जमिनीवरच्या चाचणीत यानाला आग लागून तिघेही गेले, आणि ती नावं नंतरच्या मोहिमांनी आठवण म्हणून चालू ठेवली. वर ज्या अवकाश कराराबद्दल लिहिलं, तो सह्यांसाठी खुला झाला तोही हाच दिवस.

लघुग्रहाला तरी नाव देता येतं का?

येतं, पण विकत नाही. शोधणाऱ्याला नाव सुचवायचा मान असतो आणि संघाची समिती ते तपासते. पंडित जसराजांच्या नावाचा लघुग्रह आहे, क्रमांक ३००१२८. विश्वनाथन आनंदच्या नावाचाही आहे. घरात कुणी गाणारं किंवा बुद्धिबळ खेळणारं असेल तर बघा प्रयत्न करून.

घरातलं कुणी गेलंय. त्यांच्या नावाने तारा घ्यायचा आहे. तरी नको म्हणाल?

या प्रश्नाला मी एकदा चुकीचं उत्तर दिलं आहे.

बरीच वर्षं झाली. एक गृहस्थ आले, माझ्याहून मोठे. आईच्या नावाने तारा घेतला होता. लहानपणी आजोबा गेले तेव्हा आई त्यांना सांगायची, आजोबा तारा झाले. आपल्याकडे सगळ्याच घरांत सांगतात तसं. कागद घडी पडून मऊ झाला होता. तो तारा तेव्हा सूर्याच्या बाजूला होता, म्हणजे दिवसाच्या आकाशात. मला सांगवेना. मी दुर्बीण भलत्याच एका ताऱ्यावर लावली आणि म्हटलं, "हा बघा." ते बराच वेळ डोळा लावून बसले. मग म्हणाले, "थोडा निळसर आहे ना?" होता निळसर.

त्यांना समाधान मिळालं, हे खरं. पण पुढे ते दर वर्षी तिथीला घरून त्याच ठिकाणी बघत राहिले असतील, या विचाराने मला आजही अवघडायला होतं. आता कुणी आलं तर मी सरळ सांगतो: कागदावरचा तारा आत्ता दिसत नाही. चला, तुमच्या डोळ्यांना रोज सापडेल असा एखादा निवडू. त्यांच्या जन्मनक्षत्रातला, किंवा त्यांना गच्चीवर खाट टाकून झोपायची सवय असेल तर उन्हाळ्यात डोक्यावर येणारा. स्वाती बहुतेकांना आवडतो. नारिंगी, ठसठशीत, मे महिन्यात रात्री माथ्यावर. नागपुरात कुणाला तो संत्र्याच्या रंगाचा वाटला तर मी दुरुस्त करत नाही.

कुणाच्या दुःखाला कागदाचा आधार मिळत असेल तर त्याला नावं ठेवणारा मी कोण? पण विकणाऱ्याला ठेवतो.

जन्मनक्षत्र म्हणजे आपलाच तारा ना, मग?

भविष्य बाजूला ठेवा, त्यातलं मला काही कळत नाही. पण पत्रिका निदान तारखेचा दाखला म्हणून घ्या. जन्माच्या वेळी चंद्र आकाशाच्या कुठल्या भागात होता, ते नक्षत्र सांगतं. रोहिणी असेल तर रोहिणी तारा आहे, लालसर, वृषभेत. चित्रा आहे, मघा आहे, ज्येष्ठा आहे. कृत्तिका असेल तर मजाच, एकदम सहा-सात तारे पदरात. नागपुरात घरोघरी पत्रिका असते आणि तारा पाहिलेला मात्र कुणी नसतो.

मग भेट काय द्यावी? उपाय सांगा, नुसता उपदेश नको.

मान्य. माझ्याकडची सगळ्यात चांगली भेट फुकट आहे.

प्रकाशाला यायला वेळ लागतो. तो वर्षभरात जेवढं अंतर कापतो, ते एक प्रकाशवर्ष. ताऱ्यापासून निघालेला प्रकाश किती वर्षांपूर्वीचा आहे, ते त्याच्या अंतरावरून कळतं. मग माणसाच्या वयाइतक्या दूरचा तारा शोधायचा, म्हणजे आज डोळ्यात शिरणारा प्रकाश त्याच्या जन्माच्या सुमारास निघालेला.

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस? अभिजित. अंतर २५ प्रकाशवर्षं, इतकं चपखल की आधी मला स्वतःला खोटं वाटलं होतं. तुमच्या अक्षता पडत होत्या तेव्हा निघालेला प्रकाश आज पोचतोय. नोव्हेंबरअखेरचं लग्न असेल तर संध्याकाळी सातच्या सुमारास वायव्येला बघा. मे महिन्यातलं असेल तर रात्री दहाला ईशान्येला. जानेवारीतलं असेल तर पहाटे उठावं लागेल, आणि पंचवीस वर्षं झालेली जोडपी तेवढं करत नाहीत असा माझा अनुभव आहे.

बाकीचे असे. आठ-नऊ वर्षांच्या लेकराला व्याध, ८.६ प्रकाशवर्षं. अकरा-बारा वर्षांच्याला प्रश्वा. बारावी झालेल्या, किंवा होता होता राहिलेल्या पोराला श्रवण, १७. चौतिशीला पुनर्वसूतला पोलक्स, सदतिशीला स्वाती, त्रेचाळिशीला ब्रह्महृदय. लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाला पुनर्वसूतलाच दुसरा, कॅस्टर, सुमारे ५१. पासष्टीला रोहिणी. साठीला खरं तर ठळक तारा मिळत नाही. नरतुरंगातला मेंकेंट आहे ५९ च्या आसपास, पण तो दक्षिणेला खाली असतो आणि समोर बिल्डिंग असली की संपलं. अमृतमहोत्सवाला उत्तर मुकुटातला अल्फेका, ७५. एकोणऐंशीला मघा.

आणि सहस्रचंद्रदर्शन असेल तर काय विचारता! सप्तर्षींमधले मधले पाच तारे एकाच कुळातले आहेत, एकत्र जन्मलेले, एकाच दिशेने चाललेले, आणि सगळे आपल्यापासून ८० ते ८३ प्रकाशवर्षांच्या आसपास. आजोबा एक्याऐंशीचे होत असतील तर त्यांच्या जन्माच्या सुमाराचा प्रकाश एकदम पाच ऋषींकडून येतोय. एप्रिल-मेमध्ये जेवणं झाल्यावर त्यांना खुर्ची टाकून उत्तरेला तोंड करून बसवा. हार, श्रीफळ, शाल यांनी अंगाला टोचण्यापलीकडे काही होत नाही.

लग्नात अरुंधती दाखवतात, ती हीच का?

तीच. सप्तर्षींच्या शेपटातला मधला तारा वसिष्ठ, त्याला बिलगून बारीक अरुंधती. नवरानवरीला तारा दाखवायची आपली पद्धत किती जुनी आहे, आणि तीही बिनपैशाची! हल्ली मात्र लॉनवर लग्न, डोळ्यावर हॅलोजन, डोक्यावर ड्रोन, आणि गुरुजी मंडपाच्या छताकडे बोट करून म्हणतात, "पाहिली म्हणा." नवरदेव म्हणतो, "पाहिली."

एकदा पुतणीच्या लग्नात मी हट्टाने डेकोरेशनवाल्याला उत्तरेकडचे दिवे दोन मिनिटं बंद करायला लावले. मे महिना, गोरज मुहूर्त उरकून अंधार पडलेला. दुर्बीण नव्हती, साधी द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर होती, पोराटोरांच्या हातून फिरत होती. पुतणीला दिसली. जावयाला चष्म्यामुळे जरा वेळ लागला. "दोन आहेत का हो काका?" दोनच. तेवढ्यात केटररने ओरडून विचारलं की लाइन गेली का.

नागपुरात तारे दिसतात तरी कुठे?

शहरातून, चांदणं नसलेल्या स्वच्छ रात्री, माझ्या गच्चीवरून मी शे-दीडशे मोजले आहेत. फुटाळ्याला जाऊ नका, तिथे कारंजी आणि मक्याच्या कणसांच्या गाड्या आहेत, आकाश नाही. सुरुवात करायची तर गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात करा. खुर्चीत रेलून आख्खं आकाश ओळखीचं करून घेता येतं, मुलं तर डोळे मिटत नाहीत. नावही योग्य आहे. चंद्रशेखर वेंकट रामन नोबेलच्या बऱ्याच आधी, अर्थखात्याच्या नोकरीत असताना, काही काळ नागपुरातच होते.

पण खरा अंधार हवा तर पेंच. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, आशियातलं पाचवं. नुसता फलक लावला असं नाही. सिल्लारी, वाघोली, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यावरचे शंभरावर दिवे बदलून जमिनीकडे तोंड केलेले बसवले, आणि वाघोली तलावाजवळ आकाशनिरीक्षणाची सोय केली. इथून तास-दीड तास. वन विभागाकडे आधी विचारून जा, अमावस्येच्या आसपासचे दिवस धरा, आणि स्वेटर न्या. नागपूरची माणसं उन्हाला घाबरत नाहीत, पण पेंचच्या जानेवारीत गप्प होतात. जानेवारी-फेब्रुवारीत तिथून दक्षिणेला खाली अगस्त्य दिसतो, क्षितिजापासून जेमतेम सोळा अंश वर. शहरात तो धुराळ्यात हरवतो.

जून ते सप्टेंबर विचारू नका. ढग.

दुर्बीणच भेट दिली तर?

"५२५ पट मोठं दिसतं" असं खोक्यावर लिहिलेली खेळण्यातली दुर्बीण घेऊ नका. तिचा पाय हलतो, तारा पळतो, मूल रडतं, दिवाळीच्या सफाईत ती माळ्यावर जाते. त्यापेक्षा ७×५० किंवा १०×५० ची चांगली द्विनेत्री घ्या. चंद्राची विवरं, कृत्तिकांचा पुंजका, गुरूचे चंद्र, सगळं दिसतं. आणि तारे नाही पाहिले तर क्रिकेट पाहता येतं.

प्रमाणपत्र आधीच घेतलंय. आता काय करू?

फेकू नका. घेणाऱ्याने प्रेमाने घेतलं आहे, आणि देणाऱ्याचा तेवढा मान राहू द्या. फक्त ते उलटं करा आणि पाठीमागे पेनाने लिहा: खरोखर पाहिलेला तारा कुठला, कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठून, सोबत कोण होतं.

त्या मनीषनगरच्या मुलीला मी सांगितलं की तुझा तारा खूप दक्षिणेला आहे, तो नागपुरात येत नाही. ती म्हणाली, "काहून?" मी पृथ्वी गोल असल्याचं सांगितलं, ते तिला पटलं, पण आवडलं नाही. मग दुर्बीण व्याधावर लावली. तो त्या रात्री हिऱ्यासारखा रंग बदलत होता. तिचं वय विचारलं. साडेआठ. म्हटलं, हा प्रकाश तू जन्मलीस तेव्हा निघालाय, आज पोचला. तिने एक हात फ्रेमवरून काढला नाही, पण डोळा बराच वेळ नेत्रिकेवरून हलला नाही. मग मागे वळून आईला विचारलं, "म्हणजे मी दवाखान्यात होती तवा?"

फ्रेम उघडून मी तिला मार्कर दिला. तिने कागदाच्या पाठीवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: व्याध. काकांची गच्ची. लई थंडी होती.